तेल पाजलेली काडतुसं

कळंबची ती चोरी अजून माझ्या डोक्यातून जात नाही. हैदराबाद विलीन होऊन थोडीच वर्षं झाली होती आणि मी तिथं फौजदार होतो. बाजाराच्या दिवशी, भर दुपारी, तिघे चोर एका आडत्याच्या घरात शिरले. आडत्यानं परवान्याचं रिव्हॉल्व्हर रोखून सहा वेळा चाप ओढला. एकही बार उडाला नाही. चोर दागिने घेऊन पसार झाले.

आडत्या भर बाजारातून ओरडत ठाण्यात आला. "साहेब, माझा राखणदार फितूर हाय! काडतुसं त्यानंच बदलली. दसऱ्याला हत्यार तोच पुसतो."

राखणदार पन्नाशीचा, जवळच्या वाशी गावाकडचा. मी त्याला संशयावरून कोठडीत घातलं. गुन्हा शाबीत झाला असता तर तुरुंग ठरलेला.

"कुणाला सामील झालास?"

"कुणाला न्हाय, साहेब. म्या फकस्त नळी पुसली."

माझं डोकं फिरलं. दोन थपडा दिल्या. गाल चोळत तो म्हणाला, "अजून मारा. पर ती काडतुसं तरी बगा की."

राग आला, पण म्हणणं रास्त होतं. जप्त केलेल्या काडतुसांची मोहोरबंद पुडी पंचांसमोर उघडली. सहाही काडतुसांच्या बुडाला रिव्हॉल्व्हरच्या घोड्याच्या ठोक्याची खूण होती, म्हणजे हत्यार ठीक होतं. कडेच्या खाचेत कुंकू होतं, बोटाला तेल लागलं. ती घेऊन मी उस्मानाबादला शस्त्रागाराच्या हवालदाराकडं गेलो. त्यानं एक उघडलं, तर आत दारूचा चिकट गोळा.

"काडतुसांना तेल पाजलं कुणी?" तो हसायला लागला.

मी हाच प्रश्न आडत्याला विचारला.

"मीच की! खंडेनवमीला हत्याराची पूजा करतो. रिव्हॉल्व्हरला तेल लावायचं आन् काडतुसं कोरडी ठेवायची व्हय? दिवसभर करडीच्या तेलात ठेवतो."

"किती वर्षं?"

"निजामाच्या राज्यात घेतली तवापासून."

राखणदाराला मी लगेच सोडलं. आता आडत्याला नवी काडतुसं हवी होती, आणि शिफारस माझ्या हातात होती. मी म्हणालो, "ज्या बाजारात राखणदाराला फितूर म्हणालात, तिथंच त्याची माफी मागा."

"नोकराची?"

"नाहीतर रिकामं रिव्हॉल्व्हर पुजत बसा."

वरच्या ओळखी सांगून झाल्या, पाय आपटून झाले. शेवटी त्यानं माफी मागितली. मग मी त्याला नीट समजावलं. काडतुसं ताजी आणि हत्याराच्या मापाचीच घ्या. गोळी साध्या शिशाची बरी. कडक आवरणाची गोळी तुमचा पत्रा फोडून शेजारच्या पाळण्यात जाईल. कोरड्या डब्यात कुलपात ठेवा, जुनी झाली की ठाण्यात जमा करा. पूजा फुलानं करा.

चोर पुढं पकडले गेले. राखणदाराला ते ओळखतही नव्हते. आडत्यानं त्याला परत बोलावलं, तेव्हा तो म्हणाला, "न्हाय मालक. तेल तुमी लावलं आन् मार म्या खाल्ला. आता दुसरा बगा."

आडत्यानं वर तक्रार केली. 'प्रतिष्ठितांशी उद्धट वर्तन' असा शेरा माझ्या सेवापुस्तकात पडला आणि बढती लांबली. तो शेरा खोटा होता, हे मी आजही कुणालाही तोंडावर सांगेन. त्या प्रकरणानंतर मी नेहमी आधी मुद्देमाल तपासला, माणूस नंतर. पण त्या राखणदाराला दिलेल्या दोन थपडांबद्दल माझ्या सेवापुस्तकात एक ओळही नाही. शेरा पडायचाच होता, तर त्याबद्दल पडायला हवा होता.