खालचा वर्ग वंदनानं घेतला

मैत्रिणींनो, खुब्याचा सांधा बदलल्यावर आज पहिल्यांदा शाळेत गेले. राजुऱ्याजवळची आमची शाळा दुमजली आहे. डॉक्टरांनी सध्या जिने टाळायला सांगितलेत, म्हणून मुख्याध्यापकांनी मला खालचा वर्ग कबूल केला होता.

काठी टेकत वर्गाशी पोचले, तर आत वंदना शिकवत होती. वंदना माझी जिवाची मैत्रीण. वॉकर सोडून पहिली पावलं टाकली, ती तिचाच हात धरून.

"तुहा वर्ग वरती केला सरनं," ती फळ्याकडे बघतच बोलली.

मी सरांना विचारलं. ते म्हणाले, "बाई, तुम्ही तं घरी पायऱ्या चढून राह्यल्या ना? वंदनाबाईनंच सांगतलं. त्यायचे गुडघे दुखतेत म्हणे."

घरच्या दोन पायऱ्या मी चढले होते, हे खरं. तेव्हा वंदनानं टाळ्या वाजवल्या होत्या.

मी परत तिच्याकडे गेले. "काऊन केलं असं?"

"मले वाटलं, तुले जमते आता. चाल, मी धरतो तुले जिन्यावर."

तिनं हात पुढं केला. मी धरला नाही. वरच्या मुलांना खाली बोलावलं आणि व्हरांड्यात खुर्ची टाकून दिवसभर तिथंच शिकवलं. सर बघून गेले.

गुडघे दुखतात असं तिनं मलाच सांगितलं असतं, तर आम्ही दोघींनी मिळून सरांकडे मार्ग मागितला असता. पण बरं होण्याचा आनंद जिला सगळ्यात आधी दाखवला, तिनंच तो माझ्याविरुद्ध वापरला.

आता तिसरी पायरी चढले, तर कोणाला सांगू?