दोन्या त्रान्सितो खाली बसल्या

दोन्या त्रान्सितोंना मी कधी बसून जेवताना पाहिलं नव्हतं. (आमच्याकडे वयस्कर बाईला मानाने 'दोन्या' म्हणतात.) आमच्या घरांमध्ये एकच भिंत. भल्या पहाटे पलीकडे मक्याच्या भाकऱ्या थापायचा आवाज सुरू होई. थापता थापता घेवड्यात डाव फिरवायचा, कोंबड्यांना शिव्या घालायच्या, मधूनच मला हाक मारून माझं काय चुकतंय ते सांगायचं. बाईच्या पायाला भिंगरीच होती. "जरा टेका की," म्हटलं तर म्हणायच्या, "मेल्यावर आडवीच पडणारेय ना!"

गल्लीतल्या सगळ्या पोरांची पोटं त्यांच्या हाताखालून गेलेली. आमच्याकडे पोराला हगवण लागली, की खाल्लेलं आत पोटाला चिकटलं असं धरून चालतात. मग कोमट तेलाने पोट चोळायचं, पाठीची कातडी चिमटीत धरून उचलायची. कट्ट वाजलं की सुटलं. त्यावर एरंडेल, आणि दिवसभर पोर उपाशी.

आंब्याच्या दिवसांत त्यांच्याच नातवाला, सेल्विनला, सकाळपासून पाण्यासारखं होऊ लागलं. पोर वर्षाच्या आतलं. त्याची आई नोएलिया सान पेद्रोला शिलाईच्या कारखान्यात, शनिवारीच यायची. पोर आजीच्या जिवावर.

दुपारी मी डोकावले तर ते चिंधीसारखं पडलेलं. रडत होतं, पण डोळ्यांत टिपूस नाही. टाळूच्या जागी खड्डा.

"टाळू पडलीय," दोन्या त्रान्सितो म्हणाल्या आणि त्याचे पाय धरले. उलटं टांगून तळपायांवर थापट्या मारल्या की टाळू वर येते, ही आमच्याकडची आणखी एक रीत.

मला काय झालं कोण जाणे, मी पोर हिसकावूनच घेतलं. "अहो, त्याच्यात रडायचं त्राण नाही आणि उलटं काय टांगताय? दवाखान्यात चला!"

"तू मला शिकवणार, मिर्ता? तू?"

"शिव्या वाटेत द्या."

तीनचाकीत त्यांनी त्या खरोखरच दिल्या, ड्रायव्हरलाही.

दवाखान्यातली सिस्टर इल्सा माझ्या मुलीच्या वयाची. तिने पोराचं पोट चिमटीत धरून सोडलं. कातडी लगेच खाली बसेना.

"काय दिलंत, आजी?"

"एरंडेल. एकदाच."

"आणि खायला?"

"पोट चिकटलेल्या पोराला कोण खायला घालतं?"

"टाळू पडलेली नाही. अंगातलं पाणी गेलं म्हणून ती आत गेलीय. एरंडेलाने उरलंसुरलंही काढलं." इल्साने लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात क्षारांची अख्खी पुडी ढवळली. "हे चमच्याने पाजत राहायचं. उलटी झाली तर थोडं थांबा, मग आणखी सावकाश. पितोय तोवर इथेच बघू. संध्याकाळपर्यंत लघवी झाली नाही तर शहरात, सलाईनला. आणि मान टाकली, प्यायचा थांबला, तर मला लगेच हाक मारा."

शहर म्हणजे डोंगर उतरून अर्धा दिवस. मागच्या वर्षी वरच्या वस्तीतलं एक पोर त्या रस्त्यावरच गेलं होतं. आम्ही दोघी एकमेकींकडे बघेनाशा झालो.

दवाखान्याच्या ओसरीवर दोन्या त्रान्सितोंनी उभ्याउभ्या पेलाच त्याच्या तोंडाला लावला. पोर हपापल्यासारखं प्यालं आणि सगळं भडाभडा ओकलं.

"चमचा, आजी," इल्सा आतून म्हणाली. "आणि बसून."

"बसून?" जणू कोणी त्यांना फाशीच सुनावली होती.

बसल्या. एक चमचा. पाय हलतोय. एक चमचा. नजर दाराकडे.

"चुलीवर घेवडा राहिलाय गं."

"जळू दे."

"कोंबड्या..."

"कोंबड्यांना पंख आहेत. पाजा."

दर चमच्यामागे हात लंगोटाखाली जाई. कोरडा. पुन्हा चमचा, पुन्हा हात. "झिजवाल तो लंगोट," मी म्हटलं, पण माझा आवाज मलाच खोटा वाटला. मी उठत होते, बसत होते, रस्त्यावर गाडी मिळेल का ते बघून येत होते. "मी पाजते, द्या," म्हटलं तर त्यांनी पोर आणखी घट्ट धरलं.

मग हळूच म्हणाल्या, "मिर्ता, एरंडेल मी दोनदा पाजलं. नऊला, आणि परत तू यायच्या आधी."

मला त्यांचा भयंकर राग आला आणि तितकीच कीवही. "मला काय सांगता? तिला सांगा."

"पोरी!" त्या बसल्या जागेवरून ओरडल्या. ओसरीवरच्या सगळ्या माना वळल्या. "दोनदा पाजलं! खोटं बोलले मी!"

इल्सा बाहेर आली, पोराचे डोळे पाहिले, नाडी पाहिली. "बरं झालं सांगितलंत. पाजत राहा." बस, एवढंच.

उन्हं समोरच्या भिंतीवर चढली. दोन्या त्रान्सितोंचा पाय हलायचा थांबला होता, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. आणि एकाएकी त्या ताठ झाल्या.

"मिर्ता."

लंगोट, एप्रन, झगा, सगळं ओलं. त्या उठल्या नाहीत, साधं पुसलंही नाही. तशाच ओल्या मांडीवर पोर धरून ओक्साबोक्शी रडल्या. मीही रडले, उगाच कशाला लपवू?

"आता उठलात तरी चालेल, आजी," इल्सा हसून म्हणाली. "थोड्या वेळाने भाताची पेज भरवा. उपाशी नको."

"थांब गं. पेल्यात अजून आहे."

बायका अजूनही पोरं घेऊन त्यांच्याकडे येतात. त्या चोळतात, कट्ट वाजलं की खूश होतात. एरंडेल आता दाराच्या बिजागऱ्यांना जातं. चोळून झालं की आईच्या हातात क्षारांच्या पाण्याचा पेला आणि चमचा देतात, नि खुर्ची पुढे सरकवतात. पोर फारच मलूल असेल तर चोळतही नाहीत, सरळ इल्साकडे पिटाळतात.

परवा एक जण घाईत होती. "द्या, घरी जाऊन पाजते."

"बस," दोन्या त्रान्सितो म्हणाल्या. स्वतः उभ्याच होत्या, भाकरी थापत. "पोर मुतल्याशिवाय हलायचं नाही."