ताईचा गुडघा आणि बाबांच्या नाड्या

जोगेश्वरीच्या आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत चार जिवंत माणसं आणि एक मेलेलं राहत होतं. मेलेलं खाटेखालच्या ट्रंकेत, सुटं सुटं. ताई मेडिकलच्या पहिल्या वर्षाला होती आणि हाडांचा तो संच तिने एका सीनियरकडून जुना घेतला होता. आई ट्रंकेला रोज उदबत्ती ओवाळायची. ट्रंक एवढी जागृत झाली की शेजारीण एकदा नवस बोलून गेली.

ताई तोंडी परीक्षेत गुडघ्यावर आपटली होती. हाडं तोंडपाठ, पण हाडाला हाडाशी बांधणारे पट्टे काही डोक्यात शिरेनात. पुन्हा आपटली की आणखी सहा महिने पाण्यात.

शेवटी तिने बाबांच्या दोन्ही लेंग्यांच्या नाड्या ओढून काढल्या, मांडीचं हाड नडगीवर टेकवलं आणि बांधलं. नडगी सरकली. पुन्हा बांधलं. पुन्हा सरकली.

आई खोबऱ्याच्या कातळ्या करत होती. म्हणाली, "अगो, सरळ कित्याक बांधतंस? फुली मार!"

फुली मारली. नडगी जागची हलेना!

"आई गं! एक लिगामेंट हिला पुढे जाऊ देत नाही, दुसरं मागे!" ताई एवढ्याने किंचाळली की गोराईच्या खाडीतल्या होड्या थांबल्या असतील. त्याच झटक्यात तिने ताटलीतल्या दोन कातळ्या हाडांच्या मधे सरकवल्या. ही कूर्चा, हाडावर हाड घासू नये म्हणून. (त्यातली एक नंतर मी खाल्ली. घरच्यांना हे आजच कळतंय.)

परीक्षा झाली, पण निकालापर्यंत ताई तो गुडघा सोडू देईना. नव्या नाड्या आणा म्हटलं, तर बाबाच हटून बसले.

"नवी घातली नि हिचा गुडघा सैल पडला तर?"

महिनाभर त्यांनी लेंगा मुठीत धरून संसार केला. दाढी एका हाताने, पेपर एका हाताने. शेजारच्या काकांनी विचारलंच, "काय हो, पोट दुखतं का?"

"नाही हो. मुलीचा निकाल लागायचाय."

इकडे आईने बजावून ठेवलेलं, मड्याला लागलेली नाडी लेंग्यात परत जायची नाही.

निकालाच्या दिवशी ताई जिन्यातूनच ओरडली, "पास!"

बाबांनी तिला घट्ट जवळ घेतलं. एकाच हाताने.