आत्यांनी न होऊ दिलेली फायनल

मावळातला कॉलेजात जाणारा कुठलाही पैलवान त्याच्या आईबापांना ठाऊक नसेल एवढा माझ्या बायकोच्या आत्यांना ठाऊक असतो. स्वतः त्या आयुष्यात एकदाही आखाड्यात उतरलेल्या नाहीत. देहूरोडच्या लष्करी डेपोत त्यांनी तंबूंच्या शिवणी तपासायची नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर तीच नजर पोरापोरींच्या खांद्यागुडघ्यांवर लावली. आमच्याकडे तळेगावला आल्या की चहाच्या आधी फोनवरचा कुस्तीचा व्हिडिओ पुढे करतात. “जावईबापू, हितं बगा. ह्याचा उजवा पाय कुटं हाय, आन् कुटं पायजे हुता?” मला दोन्ही पाय जागच्या जागी दिसतात. एकदा परंदवडीला कुणाच्या तेराव्याला गेलो होतो, तर तिथे वारलेल्या माणसाच्या नातवाला कोपऱ्यात घेऊन, समोरच्याचा पाय धरून पट काढताना डोकं खाली का घालतोस, म्हणून त्यांनी असं फैलावर घेतलं की पोरगं आजोबांसाठी रडतंय की आत्यांमुळे, हे कुणाला कळेना. मी मुलगी बघायला गेलो होतो तेव्हा नुसता खुर्चीवरून उठलो, तेवढ्यावरून आत्यांनी निकाल दिला होता, “गुडघ्यात कच्चा हाय, पर पळायचा न्हाई.” त्याच निकालावर माझं लग्न झालं.

गेली दोन वर्षं त्यांच्या वादाचा विषय होती इंदुरीची काजल. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, कॉलेजची सगळ्यात नावाजलेली पैलवान. स्टेशनजवळ सायकली दुरुस्त करणारे रहीमचाचा म्हणायचे, पोरगी देशाकडून खेळेल. आत्या म्हणायच्या, “चाचा, दम लय हाय, पर समोरचीला अंगावर घ्यायची खोड हाय. जिल्ह्याच्या म्होरं जात न्हाई ती.” दुकानात पंक्चर काढायला आलेली माणसं चाक तसंच टाकून या वादात पडायची. हे वाक्य फिरत फिरत काजलच्या वडिलांच्या कानावर गेलं. ते दुधाचा धंदा करतात. माणूस शांत, पण त्यांनी आत्यांशी बोलणं टाकलं.

यंदाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला मी आत्यांना स्कूटरवर घेऊन गेलो. जी जिंकेल ती विद्यापीठाच्या संघात जाणार होती. उपांत्य फेरीत समोरच्या मुलीने काजलला उचलून अशी टाकली की ती मानेवरच आली. पण काजल उठली, आणि शेवटच्या काही सेकंदांत एकेरी पट काढून तिने कुस्ती मारली. रहीमचाचा बाकावर उभे राहून ओरडत होते. आत्यांनी टाळीसुद्धा वाजवली नाही.

“ती पाणी पितीया ते बगा,” त्या माझ्या कानाशी म्हणाल्या. “बाटली वर जातीया, पर मान मागं जात न्हाई.”

फायनलला अर्धा तास होता. माझ्या खांद्याचा आधार घेत आत्या पायऱ्या उतरल्या. काजलचे वडील टॉवेलने तिचे दंड चोळत होते.

“दादा, पोरीला दवाखान्यात न्या. मानेला लागलंय तिच्या.”

वडिलांनी मान वर केली. “आत्या, दोन वर्सं तुमी ती पडायचीच वाट बगताय. आज जिंकतीया तर बगवत न्हाई व्हय?”

काजलचे प्रशिक्षक म्हणाले, साधी शीर आखडलीये. काजल म्हणाली, “मला काही झालेलं नाही.” तेवढ्यात लाउडस्पीकरवर तिचं नाव पुकारलं. आत्यांनी वाद घातला नाही. त्या काजलच्या पाठीमागे गेल्या आणि हळूच हाक मारली, “काजल.”

पोरगी वळली. पण नुसती मान वळली नाही. पावलं, कंबर, खांदे, सगळं अंगच वळवावं लागलं तिला. वडिलांच्या हातातला टॉवेल तसाच राहिला.

“बोटांना मुंग्या येत्यात का गं?”

काजलच्या डोळ्यांत पाणी आलं. “आत्या, एवढी एकच कुस्ती. माझं शेवटचं वर्ष आहे. नंतर तुम्ही सांगाल तिथे येते.”

आत्यांनी पदराने तिचे डोळे पुसले. मला वाटलं, आता या विरघळणार. पण तेवढ्यात वडीलच म्हणाले, “न्हाई.” आणि स्वतः पंचांच्या टेबलाशी जाऊन त्यांनी काजलचं नाव मागे घेतलं. रिकाम्या मॅटवर दुसऱ्या मुलीचा हात वर झाला.

दवाखान्यात एक्स-रे काढला, तर मानेच्या मणक्याला चीर गेली होती. आणखी एकदा तशी पडली असती तर हातपाय कायमचे गेले असते, असं डॉक्टरांनी वडिलांना स्पष्ट सांगितलं. चालणं-फिरणं सगळं नीट होईल. कुस्ती मात्र संपली.

पुढच्या आठवड्यात रहीमचाचांनी दुकानात स्वतः चहा मागवला. “आत्या, मानलं तुम्हाला. तुम्ही जिंकलात.”

“ह्यात जिकायचं काय हाय, चाचा?” आत्या म्हणाल्या, आणि चहा न घेताच उठल्या.

गेल्या महिन्यात आम्ही इंदुरीला जाऊन काजलला भेटून आलो. मानेचा पट्टा निघालाय. ती बी.एड.ची तयारी करतेय. तिने चहा दिला, आत्यांच्या पाया पडायला वाकली, तर आत्यांनी घाईघाईने तिला धरून सरळ केलं. कुस्तीचं नाव दोघींनीही काढलं नाही. परत येताना इंद्रायणीच्या पुलावर आत्यांनी माझा खांदा दाबून स्कूटर थांबवायला लावली. उतरून कठड्याशी गेल्या.

“जावईबापू, काजलनं ती फायनल मारली आसती का वो?”

मला कुस्तीतलं काय कळतं! तरी म्हणालो, “मारली असती, आत्या.”

“पयल्या मिन्टातच,” आत्या म्हणाल्या आणि पदर डोक्यावरून घेऊन मागे बसल्या.