रिकामा परतलेला डबा

इंदुमती सबनीस हळू आवाजात बोलल्याचं राजधानीतल्या मयूर विहारात कुणी ऐकलेलं नव्हतं. एका केंद्रीय खात्यात स्टेनो म्हणून सत्तावीस वर्षं काढलेली ही बाई. साहेबांनी मजकूर सांगायचा आणि त्यातल्या चुका इंदुमतींनी साहेबांना सांगायच्या, असा तिथला रिवाज होता. घरी यजमान हरिदासराव कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या अतिथिगृहात कारकून. मुलगा जयंत एकुलता एक, बंगलोरला नोकरीला. "एकावरच थांबलात?" असं कुणी विचारलं की इंदुमती म्हणत, "सरकारी नोकरी आहे. सरकारचं ऐकायला नको का?" लोक हसत आणि प्रश्न विसरून जात. हे उत्तर त्यांनी फार वर्षांपूर्वी तयार करून ठेवलं होतं.

त्यांना सगळ्यात मोठा अभिमान कशाचा असेल, तर माहेरच्या डब्याचा. ही पद्धत त्यांनीच सुरू केलेली. नोएडात कंप्युटर कंपन्या आल्या, पुण्यामुंबईची नवी जोडपी सोसायट्यांमधून दिसू लागली, आणि त्यांतल्या एखादीला दिवस राहिले की माहेर पंधराशे किलोमीटरवर. मग मराठी मंडळातल्या बायका पाळीपाळीने तिच्या घरी डबा पोचवत. एक दिवस भरली वांगी, एक दिवस डाळिंब्यांची उसळ, एक दिवस पुरणपोळी. नियम एकच: पोरीला माहेर आठवून रडू यायला नको. इंदुमतींच्या या डब्यावर आतापर्यंत अकरा बाळंतपणं पार पडली होती, आणि हा आकडा त्या विचारल्याशिवायही सांगत.

बारावी होती मयुरा. वय पंचवीस, पुण्याची, लग्नाला वर्ष झालेलं. नवरा प्रसन्न नोएडाला प्रोग्रॅमर. शहाण्णव सालच्या सप्टेंबरात तिला दुसरा महिना लागला आणि उलट्या सुरू झाल्या. "कडक डोहाळे आहेत हो," बायका कौतुकानं म्हणाल्या, आणि डबे आणखी चमचमीत झाले. मयुरा दारात उभी राहून हसून डबा घ्यायची, "थँक्यू काकू" म्हणायची. दुसऱ्या दिवशी डबा घासून पुसून परत यायचा, तोही रिकामा नाही. कधी त्यात शिरा, कधी रव्याचे लाडू. रिकामा डबा परत करायचा नाही, हे तिच्या आईनं तिला शिकवलेलंच होतं. इंदुमतींनी ते लाडू चाखून मंडळात जाहीर केलं, "पोरगी सुगरण आहे."

चारपाच आठवड्यांनी प्रसन्न सांगायला आला. "काकू, तिला काहीच पचत नाहीये. मी तिला पुण्याला सोडून येतो. माहेरी बरं वाटेल."

"बिल्कुल," इंदुमती म्हणाल्या. "हवापालट होईल." आणि प्रवासासाठी दशम्या आणि लसणाची चटणी करायला घेतली. शनिवारी सकाळी त्या स्वतः स्टेशनवर पोचवायला गेल्या. अकरा जणींना त्यांनी असंच पोचवलं होतं.

गाडी लागायला अर्धा तास होता. आपला रेल्वेचा डबा कुठे लागणार ते बघायला प्रसन्न पुढे गेला. मयुरा बॅगेवर बसली होती, नाकाला ओला रुमाल. इंदुमतींनी पिशवीतून दशम्यांचा डबा काढला, झाकण जरासं सरकवून दाखवलं, आणि मयुरा जी वळली ती थेट रुळांच्या दिशेनं ओकायला लागली. पोटात काही नव्हतंच. नुसतं पिवळं पाणी, मग तेही नाही, तरी अंग पिळवटत राहिलं. तिला उठवायला इंदुमतींनी दंड धरला, तर हिरव्या बांगड्या सरकत कोपरापर्यंत गेल्या.

"मयुरा, कालपासून काय खाल्लंस?"

"काकू, परवापासून काही राहिलंच नाहीये पोटात. पाणीपण नाही." ओठ पांढरे, जीभ कोरडी. बोलताना ती त्यांच्याकडे बघतही नव्हती. "प्लीज तो डबा बंद करा ना. सॉरी काकू. खरंच सॉरी. लाडू केले ना, तेव्हा तोंडाला टॉवेल बांधला होता. रवा भाजताना दोनदा गॅस बंद केला. डबा रिकामा कसा देणार म्हणून..."

इंदुमतींनी झाकण दाबून लावलं. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते त्यांना तिथं कळलं. दीड महिना आपण या पोरीला माहेराच्या नावानं छळत होतो, आणि ती आपल्याला वर लाडू करून पाठवत होती.

"लघवीला कधी गेली होतीस?"

"काल दुपारी. काळ्या चहासारखी होती."

फलाटावर वजनाचं यंत्र होतं, लाल दिवे फिरणारं. इंदुमतींनी तिला त्यावर उभं केलं, स्वतः मागे हात धरून, पण भार न घेता. नाणं टाकलं. खडखडाट झाला आणि पुठ्ठ्याचं तिकीट बाहेर पडलं. एका बाजूला भविष्य छापलं होतं: 'आपके भाग्य में लंबी यात्रा है।' इंदुमतींनी दुसरी बाजू बघितली. चव्वेचाळीस किलो. मयुराच्या पर्समधल्या दवाखान्याच्या कार्डावर, पहिल्या तपासणीच्या दिवशीचं वजन लिहिलं होतं: एक्कावन्न.

प्रसन्न धावत आला. "चला काकू, गाडी लागतेय."

"गाडी जाऊ दे. आपण दवाखान्यात जातोय."

"अहो पण रिझर्वेशन आहे. तिकडे तिचे आईबाबा स्टेशनवर येणार. डोहाळेच आहेत ना, सगळ्यांना होतात. तुम्हीच तर म्हणाला होतात."

"मी म्हणाले होते, आणि मी चुकले!" इंदुमतींचा आवाज अर्ध्या फलाटानं ऐकला. हमाल थांबून बघायला लागले. "सात किलो गेलेत हिचे. पाण्याचा थेंब राहत नाही. सत्तावीस तास गाडीत बसवलंस, तर पुण्याला काय उतरवशील, सांग मला? उचल ती बॅग."

त्यानं बॅग उचलली. इंदुमतींनी बॅग उचल म्हटल्यावर खात्याचे सचिवही उचलत असत, प्रसन्न तर साधा प्रोग्रॅमर होता.

मयूर विहारातल्याच एका छोट्या नर्सिंग होममध्ये डॉक्टर क्षिप्रा भटनागर होत्या. त्यांनी जीभ पाहिली, नाडी पाहिली, रक्तदाब बसून आणि उभं राहून घेतला. लघवी तपासली, तर शरीर अन्नाअभावी स्वतःचीच चरबी जाळत असल्याची खूण त्यात सापडली. ताबडतोब सलाइन लावलं, आधी बी-वन जीवनसत्त्व दिलं आणि मगच ग्लुकोज, उलटी थांबवायचं इंजेक्शन. सोनोग्राफीत जुळं नव्हतं, दुसरा काही दोषही नव्हता. बाळाचं हृदय टिकटिक करत होतं. ते ऐकून प्रसन्न खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला.

"मतली-उल्टी तो बहुतों को होती है," डॉक्टर म्हणाल्या. "ये वो नहीं है. सौ में एक-दो को इतना होता है कि पानी भी नहीं टिकता, वज़न गिरता है. ये बीमारी है. न नखरा है, न मन का वहम, न लड़की कमज़ोर है."

इंदुमतींनी पर्समधून पेन्सिल काढली आणि दवाखान्याच्या पाकिटावर शॉर्टहँडमध्ये उतरवून घ्यायला सुरुवात केली. सत्तावीस वर्षांत त्यांनी कुणाला वाक्य पुन्हा सांगायला लावलं नव्हतं. 'न नखरा है' या शब्दांपाशी त्या थांबल्या. त्यांनी डॉक्टरांना म्हटलं, "वो एक बार फिर बोलिए." डॉक्टरांना वाटलं, ऐकू आलं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं, आणि इंदुमतींनी पुन्हा लिहिलं.

संध्याकाळी घरी हरिदासरावांनी चहा पुढे ठेवला. त्या म्हणाल्या, "अहो, ते नखरे नव्हते."

कशाबद्दल चाललंय, हे त्यांनी विचारलं नाही. एकाहत्तर साल, गाझियाबादची एक खोली, मोरीच्या उंबऱ्याशी पाच महिने आडवी पडलेली बायको आणि गावाहून आलेली त्यांची आई, 'नखरे आहेत' म्हणणारी. सगळं त्यांच्याही लक्षात होतं. "मी कधी म्हणालो, नखरे आहेत?"

"तुम्ही नाही म्हणालात. पण नाहीयेत, असंही नाही म्हणालात."

हरिदासरावांनी हातातला कप खाली ठेवला. "चुकलंच माझं, इंदू," ते म्हणाले. दोघांनी गार चहा प्यायला.

दुसऱ्या दिवशी इंदुमतींनी मंडळाच्या बायकांना बोलावून घेतलं आणि माहेरचा डबा बंद केला. गलका झाला. कुणी म्हणालं, पोरगी उपाशी राहील. इंदुमतींनी पाकिटावरची टिपणं वाचून दाखवली. जे पोटात राहील ते खायचं, जेव्हा राहील तेव्हा, दोन घास का होईना. गार आणि कोरडं, म्हणजे वास येत नाही. पाणी जेवणाबरोबर नाही, मधेमधे घोट घोट, नाहीतर बर्फ चघळायचा. गोळी ठरल्या वेळेला, उलटीची वाट न बघता. आणि दिवसभर काहीच राहिलं नाही, लघवी थांबली किंवा काळपट झाली, चक्कर आली, उलटीत रक्त दिसलं, तर चर्चा नाही, सरळ दवाखाना.

"मग आम्ही करायचं काय?" एकीनं विचारलं.

"पाळीपाळीनं जायचंच, डबा घेऊनच. पण रिकामा. येताना तिच्या घरातली भांडी, धुणं, इस्त्री आपल्याकडे आणायची. प्रसन्न तुमच्याकडे येऊन जेवेल. आणि तिथून डबा रिकामाच परत येईल, त्यात साखरेचा दाणासुद्धा शोधायचा नाही."

मग त्या मयुराच्या जिन्यावरच्या सहाही घरांत गेल्या. सगळ्या स्वयंपाकघरांचे पंखे एकाच चौकात उघडत होते आणि त्या चौकावरच मयुराची खिडकी होती. समोरच्या सरदारजींच्या बायकोला त्यांनी सांगितलं, "बहनजी, दोपहर तक तड़का बंद." सरदारीणबाई हसल्या, म्हणाल्या, "मेरे वाले तो दही-परांठे पे भी ख़ुश हैं जी." दोन महिने त्या जिन्यावर दुपारपर्यंत फोडणी पडली नाही. मंडळाच्या निवडणुकीत इंदुमती तीनदा पडल्या होत्या, पण फोडणीबंदी त्यांनी एकमतानं मंजूर करून घेतली.

सोपं काहीच नव्हतं. मयुराला आणखी दोनदा सलाइन लावावं लागलं. एकदा तर ती म्हणाली, "काकू, मला नकोच आहे हे सगळं," आणि इंदुमतींनी तिला असं बोलू नये वगैरे काही सांगितलं नाही. त्या बर्फाचा थर्मास घेऊन नुसत्या बसून राहिल्या. विसाव्या आठवड्याच्या सुमाराला उलट्या ओसरल्या. एका रविवारी तिनं गार दहीभात वाटीभर खाल्ला आणि तो राहिला. प्रसन्ननं ही बातमी जिन्यात ओरडून सांगितली.

सातव्या महिन्यात सोसायटीच्या हॉलमध्ये डोहाळजेवण झालं. मयुराचे आईवडील पुण्याहून आले होते. काकडीची कोशिंबीर, दहीभात, फळं, सगळं गार. हिरव्या साडीतली मयुरा आता चोपन्न किलोंची होती, आणि हाही आकडा इंदुमती विचारल्याशिवाय सांगत होत्या. ओटी भरून झाल्यावर तिच्या आईनं इंदुमतींचे दोन्ही हात धरले. "माहेर इथंच होतं हिचं," ती म्हणाली. इंदुमतींची मान ताठ झाली. लपवायचं कशाला, त्यांना अतोनात अभिमान वाटला.

तेवढ्यात मंडळातल्या प्रभावहिनी म्हणाल्या, "हल्लीच्या मुली नाजूक बाई. आमच्या वेळी नव्हतं असलं काही. सलाइन काय, नि फोडणीबंदी काय! सांगा ना इंदूताई, तुम्हाला झालं होतं का हे?"

हॉलभर बायका हसायच्या तयारीत होत्या. इंदुमतींकडे अशा वेळचं उत्तर तयार असतं, हे सगळ्यांना माहीत होतं. पलीकडे खुर्च्या लावणारे हरिदासराव हातातली खुर्ची तशीच धरून थांबले.

"झालं होतं," इंदुमती म्हणाल्या, नेहमीच्याच मोठ्या आवाजात. "पाच महिने. म्हणून तर जयंतवर थांबले. सरकारचं वगैरे काही ऐकलं नव्हतं."

कुणी हसलं नाही. मयुरानं हलकेच विचारलं, "काकू, तुमचं वजन किती उतरलं होतं?"

"माहीत नाही गं," त्या म्हणाल्या. "माझं कुणी केलंच नव्हतं."