भट्टीवरची माती

बुधवारी, १२ नोव्हेंबरला, मी नागपूरच्या खोलीत ओल्या फडक्याने फरशी पुसत होते. कोरडा झाडू मारायचा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय. तेवढ्यात गावाहून धाकट्या जावेचा, लताचा फोन आला.

"ताई, दिवाळीले सारं घर सारवलं. तुमच्या हातासारखंच गुळगुळीत. आमची तान्ही बाई तर दिवसभर भुईवरच रांगून राहिली!"

"कोणती माती घेतली?"

"कोणती म्हणजे? भट्टीवरचीच."

मी फडकं बादलीत टाकलं.

दोन वर्षांपूर्वी गाव सोडलं, तेव्हा फाटकापाशी उभं राहून सगळ्यांना सांगितलं होतं की त्या मातीला हात लावू नका. सासूबाई म्हणाल्या, "मातीनं कोनी येडं होते का? शहराची हौस आली म्हण ना सरळ." माझी रेश्मा तेव्हा सात वर्षांची. काल शिकवलेलं अक्षर आज ओळखायची नाही. पोट धरून बसायची. माती खाते म्हणून मी तिला जंताचं औषध देत राहिले. शेवटी रक्त तपासलं, तर शिसं निघालं.

गावाबाहेर जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायची भट्टी होती. ती बंद पडली, कुंपण मोडलं. तिथली माती राखाडी, मैद्यासारखी बारीक. आमच्या शेतातल्या मातीनं सारवलं की वाळल्यावर भेगा पडतात. हिला पडत नाहीत. पहिली टोपली मी आणली. शेण कालवून ओसरी सारवली, भिंतीला पोतेरं दिलं. बाया बघायला आल्या, मग त्याही टोपल्या घेऊन गेल्या. लताला तर हाताला धरून मीच शिकवलं.

गाव सोडलेल्यांना घर आठवतं म्हणतात. मला आठवतो चुलीमागच्या भिंतीतला खळगा, रेश्माने नखांनी उकरलेला. सारवताना मी तो दर वेळी बुजवायची, त्याच मातीनं.

इथं फरशी, नळ, फ्लॅटची धुणीभांडी आणि दर काही महिन्यांनी रक्ताचा रिपोर्ट. आकडा खाली येतोय. पण डॉक्टर म्हणाले, डोक्याचं जे नुकसान झालं ते भरून येईलच असं नाही. हे वाक्य मी गावात कुणाला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. घर म्हणजे आता माझ्यासाठी एवढंच, की पोरीनं भुईवर सांडलेला घास उचलून खाल्ला तरी मला धावत जाऊन तिचा हात धरावा लागू नये.

लताची बाई दहा महिन्यांची आहे. हाताला लागेल ते तोंडात घालते. मी फोनवरच म्हटलं, तिचं रक्त तपासून घे. लता म्हणाली, "आई रागावतात, ताई. मी काय करू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी रेश्माला शेजारणीकडे सोपवलं आणि पहिल्या बसने गाव गाठलं. सासूबाई दारातच होत्या.

"आता कायले आली?"

मी उंबरठा ओलांडला. आत जाऊन बाईला भुईवरून उचललं, तिच्या मुठी हौदावर धुतल्या आणि लताला म्हटलं, "चप्पल घाल. नागपूरले जायचं आहे, रक्त तपासाले."