शाई धुणारे मास्तर

निवृत्तीनंतर सनाउल्ला मास्तरांनी कसब्यातल्या खांबांवरच्या हिरव्या पेट्यांची जबाबदारी आपणहून घेतली. पवित्र मजकुराचा कागद पायदळी येऊ नये म्हणून लोक तो या पेट्यांत टाकत. मास्तर तो पोत्यांत भरून कालव्यात खोल सोडत. त्या जानेवारीत कालवा दुरुस्तीसाठी कोरडा पडला होता. मशिदीचे इमाम कारी मन्सूर म्हणाले, "जुन्या रीतीनं शाई धुऊन काढा आणि पाणी झाडाला घाला." मास्तरांनी गच्चीवर नवे घंगाळ मांडले.

शेजारच्या गच्चीवरून कापडवाला रियासत हसला, "काय मास्तर, भाभींनी संप केला वाटतं? धुणं तुमच्या गळ्यात!"

"हे धुणं तुला जमायचं नाही," मास्तर म्हणाले. "तू आधी तुझं सांडपाणी गल्लीत सोडायचं थांबव. उद्या नगरपालिकेत अर्ज देतोय."

त्याच दुपारी रियासतने पोलिसांत फिर्याद दिली: मास्तरांनी पवित्र पाने घाण पाण्यात बुडवली. सकाळच्या थट्टेचा विषय संध्याकाळी पवित्र ग्रंथाच्या विटंबनेचा, म्हणजे आमच्या देशात जन्मठेपेचा, गुन्हा झाला. दारापुढे जमलेल्या जमावातले कितीतरी जण मास्तरांच्याच वर्गात लिहायला शिकले होते.

वकिलाला एकच साक्ष हवी होती. मास्तरांची पत्नी सुघरा इमामांकडे गेली.

"कारीसाहेब, तुम्हीच सांगितलं होतं, एवढंच कोर्टात बोला."

"आपा, ते निर्दोष आहेत हे मला का ठाऊक नाही? पण हे बोललो, तर उद्या तीच गर्दी माझ्या दारात. मला तीन मुली आहेत."

"आम्हाला मूल नाही, म्हणून आम्ही मरायचं होय?"

कोर्टात इमाम म्हणाले, "असं काही सांगितल्याचं आठवत नाही." मास्तरांना जन्मठेप झाली. हा कायदा श्रद्धेच्या रक्षणासाठी आहे, असे म्हणतात. आमच्या कसब्यात मात्र त्याच्या धाकाने एक धर्मनिष्ठ माणूस शपथेवर खोटे बोलला, आणि आम्ही बाकीचे गप्प राहिलो.

अपील सुनावणीला येण्याआधीच, सहाव्या वर्षी, मास्तर तुरुंगात वारले. जनाजा अंगणात ठेवला असता कारी मन्सूर नमाज पढवायला आले. सुघरा पडद्याआडून म्हणाली, "पढवा. पण आधी सगळ्यांदेखत खरं काय ते सांगा."

कारीसाहेब तसेच परत गेले. नमाज सुघराच्या भावाने पढवली. त्याच्या मागे आम्ही अकराजण होतो.